मैदानावरचा कामगार

मेलबर्नचे क्रिकेट मैदान आपल्याकडे शाळकरी पोरांनाही नावाने ठाऊक असते. १९८१ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत आटोपून आपण सामना जिंकला तो तेथेच, आणि २०२० च्या डिसेंबरात अजिंक्य रहाणेने शतक ठोकले तेही तेथेच. परंतु ज्या मैदानाला आपण क्रिकेटचे म्हणतो, ते वर्षातील निम्मा काळ भलत्याच खेळाचे असते. त्या खेळाचा अंतिम सामना सप्टेंबरअखेरच्या शनिवारी व्हायचा असा तिकडचा रिवाज, आणि त्या दिवशी लाखभर माणूस त्या कठड्यांवर जमतो. १९७० साली कार्लटन आणि कॉलिंगवुड यांचा सामना पाहायला १,२१,६९६ माणसे आली होती. त्या खेळाला तिकडे नुसते ‘फुटी’ म्हणतात. बाहेरचे लोक त्याला ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणतात.

खेळावर बोलायला हे युनियनवाले कोण, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पायात बूट घालून चेंडू मारण्याचा आमचा अनुभव शून्य. पण माणूस आपले अंग दुसऱ्याला ठराविक मुदतीसाठी भाड्याने देतो, त्याचे पैसे घेतो, अंग झिजले की बाहेर पडतो, ही गोष्ट आम्ही तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर पाहत आलो आहोत. तीच गोष्ट जेव्हा टाळ्यांच्या कडकडाटात होते, तेव्हा ती नोकरी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आम्हांला आज बोलायचे आहे ते त्या नोकरीबद्दल.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. मैदान क्रिकेटचेच, म्हणजे अंड्याच्या आकाराचे. चेंडूही लांबट, सोललेल्या नारळासारखा. प्रत्येक बाजूस अठरा गडी. दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे. मधल्या दोन उंच खांबांतून पायाने चेंडू गेला तर सहा गुण, त्यांच्या बाजूने गेला तर एक. चेंडू हाताने फेकायला बंदी. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून तो सोबत्याकडे द्यायचा, नाहीतर लाथेने उडवायचा. चेंडू घेऊन पळता येते, परंतु पंधरा मीटरच्या आत तो जमिनीला टेकवावा लागतो. लाथेने निदान पंधरा मीटर आलेला चेंडू कोणी वरच्या वर झेलला, की खेळ त्याच्यासाठी थांबतो आणि त्याला मोकळेपणी चेंडू मारता येतो. या झेलासाठी गडी एकमेकांच्या खांद्यांवर गुडघे रोवून उसळी घेतात. पाहणाऱ्याला ती मौज वाटते. खाली ज्याच्या पाठीत गुडघा बसतो त्याचे काय होते ते पुढे सांगू. वीस-वीस मिनिटांचे चार डाव, आणि चेंडू थांबला की घड्याळही थांबते. मधल्या फळीतला गडी एका सामन्यात बारा-पंधरा किलोमीटर धावतो. वाटेत धडका असतात, आणि डोक्यावर टोप नसतो.

हा खेळ निघाला कसा? टॉम विल्स नावाचा एक नामांकित क्रिकेटपटू होता. थंडीच्या दिवसांत क्रिकेटवाल्यांची अंगे सुस्तावू नयेत म्हणून फुटबॉलचा एक क्लब काढावा, असे पत्र त्याने १८५८ च्या जुलैत वर्तमानपत्रात छापवले. १७ मे १८५९ रोजी चार-दोन मंडळींनी बसून नियम लिहिले. इतिहासाची पुस्तके एवढ्यावर थांबतात. आम्ही मात्र दोन वर्षे मागे जाऊ. १८५६ च्या एप्रिलात मेलबर्नच्या पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवली, मोर्चा काढला आणि मजुरी न घटवता आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. पुढे शनिवारची अर्धी सुटीही रूढ होत गेली. आता, दुपारी रिकामा असलेला कामगार शहरात नसता, तर या खेळाचे सामने पाहायला कठड्याशी आले असते कोण? मालक मंडळी काय, आठवड्यात केव्हाही जमू शकतात. लाख माणूस जमायला लाख माणसांना सुटी लागते. आपल्या मुंबईत गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळायला १८९० साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांना केवढी खटपट करावी लागली!

असो. खेळ वाढला, क्लब झाले. कॉलिंगवुड, रिचमंड, फुट्स्क्रे ही नावे म्हणजे मेलबर्नच्या कामगार वस्त्या. गिरण्या, चामड्याचे कारखाने, दारूच्या भट्ट्या यांच्या सावलीत वाढलेल्या. १८९६ साली आठ बड्या क्लबांनी जुन्या संस्थेतून बाहेर पडून ‘व्हिक्टोरियन फुटबॉल लीग’ काढली आणि १८९७ पासून तिचे सामने सुरू झाले. फाटकावर पैसा गोळा होऊ लागला. खेळाडूने मात्र हौसेखातर खेळावे, पैसे घेणे हलकेपणाचे, असा कायदा! पैसे अर्थात दिले जात, पण टेबलाखालून. अखेर १९११ साली लीगने खेळाडूला उघड पैसे देण्यास परवानगी दिली. म्हणजे जे काम पैशासाठी होत होते, ते पैशासाठी होते हे कबूल करायलाच इतकी वर्षे लागली.

पुढे मंदी आली. १९३० साली लीगने एक नियम केला. तो मांडणाऱ्या प्रतिनिधीच्या नावाने त्याला ‘कोल्टर कायदा’ म्हणत. कोणत्याही खेळाडूला, तो कितीही मोठा असो, एका सामन्याचे तीन पौंडांहून अधिक देता कामा नये, आणि दुसऱ्या क्लबाकडे यावे म्हणून एकरकमी पैसेही देता कामा नयेत. यात सर्वांना सारखी मजुरी ही एक चांगली गोष्ट दिसते, आणि कॉलिंगवुडसारख्या क्लबात ती निष्ठेने पाळलीही जात असे. आम्ही समान वेतनाचे कैवारी. परंतु समान वेतन कामगारांनी आपसांत ठरवणे वेगळे आणि मालकांनी एकत्र बसून मजुरीवर झाकण घालणे वेगळे. तीन पौंडांत घर चालत नसे. म्हणून खेळाडू आठवडाभर नोकरी करी. कोणी नळ बसवणारा, कोणी मास्तर, कोणी पोलीस. रिचमंडचा गाजलेला जॅक डायर काही वर्षे पोलिसात होता. मंगळवारी आणि गुरुवारी कामावरून सुटल्यावर सराव, शनिवारी सामना, आणि सोमवारी सुजलेले घोटे घेऊन पुन्हा कामावर. क्लबाने ओळखीच्या मालकाकडे नोकरी लावून दिली हाच खेळाडूला मोठा मोबदला. मंदीच्या दिवसांत त्याची किंमत तीन पौंडांहून जास्त होती.

पण खरे बंधन पैशाचे नव्हते. ते होते दाखल्याचे. एका क्लबाकडे नाव लागले की त्या क्लबाच्या ना-हरकत दाखल्यावाचून खेळाडूला दुसरीकडे खेळता येत नसे. करार संपला असेल, क्लब त्याला सामन्यात घेतही नसेल, तरी दाखला क्लबाच्या कपाटात. शहराच्या वस्त्यासुद्धा क्लबांना वाटून दिलेल्या. तुम्ही कोणत्या गल्लीत जन्मलात यावर तुमचा मालक ठरे. आपल्याकडे सालगडी उचल घेतो आणि उचल फिटेपर्यंत पाटलाचा वाडा सोडू शकत नाही. येथे उचलही नव्हती आणि तरी वाडा सुटत नव्हता.

कॉलिंगवुडचा रॉन टॉड हा १९३८ मध्ये १२० आणि १९३९ मध्ये १२१ गोल मारलेला गडी. तरणाबांड, ऐन उमेदीतला. १९४० साली तो दाखल्याची वाट न पाहता विल्यम्सटाउन क्लबाकडे गेला. हा क्लब जुन्या, प्रतिस्पर्धी संस्थेतला, तेथे पैसे बरे. लीगने त्याच्यावर बंदी घातली. १९४५ च्या एका हंगामात त्याने तेथे १८८ गोल केले. कॉलिंगवुडचे लोक पुढे कितीतरी वर्षे त्याचे नाव फितुराच्या यादीत घालत. आम्ही म्हणतो, फितुरी कसली? क्लबाने त्याला कधी आजन्म पोसण्याचे वचन दिले होते काय? निष्ठा मागायची ती एकाच बाजूने, हा मालकीचा जुना हिशेब. तो येथेही आहे आणि तेथेही.

१९७० साली मात्र गाडी रुळावरून हलली. कॉलिंगवुडने पश्चिम ऑस्ट्रेलियातून एक नवा खेळाडू आणला आणि त्याला जुन्या जाणत्यांपेक्षा जास्त पैसे कबूल केले. संघाचा कप्तान डेस टडनहॅम आणि उपकप्तान लेन थॉम्सन सरावातून उठून बाहेर पडले. ते परत आले, पण कप्तानपद आणि उपकप्तानपद दोघांनाही गमवावे लागले. त्याच सुमारास एसेंडन क्लबाचे पाच खेळाडू पैशाच्या तक्रारीवरून हंगामाच्या पहिल्या सामन्याला उतरलेच नाहीत. वर्तमानपत्रांनी त्यांना लोभी ठरवले. संप करणारा लोभी आणि संप मोडणारा सद्गृहस्थ, ही भाषा ऐकून आमचे कान किटले आहेत. त्या पाचांपैकी जेफ प्रायर हा पुढे खेळाडूंच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. ही संघटना १९७३ च्या अखेरीस स्थापन झाली. तिच्या आधीही असे प्रयत्न झाले होते आणि विरून गेले होते. खेळाडूंची संघटना बांधणे कठीण का, हे आमच्या लगेच लक्षात येते. गिरणीत साचे शेजारी-शेजारी असतात. येथे शनिवारी ज्याच्या बरगडीत कोपर मारायचे, त्याच्याच शेजारी सोमवारी सभेत बसायचे असते. शिवाय प्रत्येकाला वाटते की आपण एकटेच बक्कळ भाव मिळवू.

१९७२ साली लीगने दहा वर्षे नोकरी झालेल्या खेळाडूला मोकळे सोडण्याचा नियम केला. लगेच तीन नामांकित खेळाडू, डग वेड, बॅरी डेव्हिस आणि जॉन रँटल, नॉर्थ मेलबर्नला गेले. क्लब घाबरले आणि १९७३ मध्येच तो नियम गुंडाळला. पण जे गेले ते गेले. नॉर्थ मेलबर्नने १९७५ साली आपले पहिले अजिंक्यपद मिळवले.

दाखल्याची कडी तुटली ती कोर्टात. सिडनीत रग्बी खेळणाऱ्या डेनिस टटी याने १९६९ चा सबंध हंगाम बिनपगारी घरी बसून काढला आणि लढा दिला. १९७१ साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. धंदा करण्यास अवाजवी आडकाठी करता येत नाही, हे जुने इंग्रजी तत्त्व खेळाडूलाही लागू आहे, असे ठरले. तरी मेलबर्नचे क्लब ढिम्म! मग १९८२ साली साउथ मेलबर्न हा जुना क्लब कर्जापायी उचलून सिडनीला नेला. सिल्व्हिओ फोस्किनी या कोवळ्या खेळाडूला मेलबर्नातच राहून सेंट किल्डाकडून खेळायचे होते. क्लबाने दाखला नाकारला. १९८३ मध्ये व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रॉकेट यांनी लीगचे ते नियम अवाजवी आडकाठी म्हणून झिडकारले. विशीसुद्धा न गाठलेल्या पोराने कारखाना गाव सोडून गेला तरी कामगाराने त्याच्यामागे का जावे, एवढाच प्रश्न विचारला होता.

यानंतर क्लबांनी नवी घडी बसवली. त्यात दोन गोष्टी मुख्य. एक, प्रत्येक क्लबाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा. दुसरी, १९८६ पासूनची वार्षिक निवड. १९९० मध्ये लीगचे नाव ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग’ झाले. २०१२ पासून तीत अठरा क्लब आहेत, आणि आजच्या पोराची कारकीर्द याच घडीत बसते. अठरा वर्षांचा मुलगा, बारावी नुकतीच झालेली. क्लबांची माणसे दोन वर्षे त्याच्या मागावर. तो किती वेगाने धावतो, किती उंच उडी मारतो, त्याच्या घरचे वळण कसे, सगळे वहीत. मग वर्षअखेरीस निवडीचा दिवस येतो आणि मूळ नियमाप्रमाणे तळाच्या क्लबाचा हात आधी. पर्थच्या मुलाचे नाव ब्रिस्बेनने पुकारले की त्याने बिछाना बांधायचा आणि सबंध खंड ओलांडून जायचे. आपल्या सरकारी नोकरीतली पहिली नेमणूक आठवावी. फरक इतकाच की येथे कालची परीक्षा नापास झालेल्या कचेरीला हुशार उमेदवार आधी मिळतो. ही गोष्ट क्लबाक्लबांत समता ठेवते हे आम्हांला मान्य आहे. तिची किंमत कोणाच्या खिशातून जाते, हेही सांगितले पाहिजे.

पहिला करार दोन-तीन वर्षांचा. क्लबाच्या यादीवर चाळीसच्या वर नावे, सामन्याच्या दिवशी त्यांतून निम्म्यांनाच संधी. उरलेले दुय्यम स्पर्धेत खेळतात आणि वरच्या कोणाचा पाय मुरगळण्याची वाट पाहतात. गिरणीच्या फाटकावर बदली कामगार असाच उभा असे. कोणी आजारी पडला तर याचा दिवस भरे. दर हंगामाच्या शेवटी क्लब काही नावे यादीतून खोडतो. वीस-बाविशीच्या मुलाला खोलीत बोलावतात, दोन गोड शब्द सांगतात, आणि संपले. पुष्कळांची कारकीर्द चार-सहा हंगामांत आटोपते, कित्येकांची पहिल्या सामन्याआधीच. वर्तमानपत्रात नाव येते ते तीनशे सामने खेळलेल्याचे.

पैशाचे म्हणाल तर संघटनेने काम केले आहे. २०१२ पासून एकाच क्लबात आठ वर्षे काढलेल्या खेळाडूला करार संपताच मोकळे होण्याचा हक्क मिळाला. २०१७ च्या करारात जखमी आणि अडचणीतल्या जुन्या खेळाडूंसाठी निधी निघाला. २०२३ च्या करारात पुरुष खेळाडूंची सरासरी वार्षिक मिळकत ३,८७,००० डॉलरवरून २०२७ पर्यंत ५,१९,००० डॉलरवर नेण्याचे ठरले. हे आकडे ऐकून आपल्यापैकी कोणाचे डोळे विस्फारतील. पण सरासरी हा मोठा फसवा शब्द आहे. मॅनेजर आणि झाडूवाला यांच्या पगाराची सरासरी काढली तर झाडूवाला श्रीमंत दिसतो. बायकांची लीग २०१७ साली सुरू झाली, तेव्हा तळच्या खेळाडूला हंगामाचे ५,००० डॉलर द्यायचा बेत होता. संघटनेने भांडून ते ८,५०० करवले. त्या मुली दिवसा इस्पितळात, शाळेत, कचेरीत काम करून संध्याकाळी सरावाला येत. तीन पौंडांचा जमाना त्यांच्यासाठी पुन्हा उगवला होता. २०२३ चा करार पुरुष आणि बायका या दोघांसाठी मिळून झालेला पहिला.

आता अंगाचे सांगू. ग्रॅहॅम फार्मर हा पर्थचा खेळाडू, १९३५ चा जन्म, आदिवासी आईचा मुलगा, अनाथाश्रमात वाढलेला. लहानपणी पोपटासारखी बडबड करी म्हणून ‘पॉली’ हे नाव पडले ते जन्मभर राहिले. मुठीने चेंडू देणे हा तोवर अडचणीतून सुटण्याचा मार्ग होता, त्याचे त्याने हल्ल्याचे हत्यार बनवले. मोटारीच्या उघड्या खिडकीतून चेंडू आरपार ठोसण्याचा सराव तो करी, असे सांगतात. १९६२ मध्ये तो जिलाँग क्लबात आला, पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला, आणि तरी पुढच्याच वर्षी, १९६३ साली, त्या क्लबाने अजिंक्यपद मिळवले. पर्थच्या एका हमरस्त्याला त्याचे नाव आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, ८४ व्या वर्षी, स्मृतिभ्रंशाने ग्रासलेला असा तो वारला. मेंदूची तपासणी झाली. डोक्याला वारंवार बसणाऱ्या मुक्या माराने मेंदू झिजण्याचा जो विकार बॉक्सरांत आढळतो, तो त्याच्या मेंदूत निघाला. या लीगच्या खेळाडूत तो प्रथमच सापडल्याचे २०२० साली जाहीर झाले. त्यानंतर आणखी खेळाडूंच्या मेंदूंत तो निघाला. आता डोक्याला मार लागून भान हरपलेल्याला काही दिवस सक्तीने बसवतात. २०२१ पासून ही मुदत निदान बारा दिवसांची झाली. फार्मरच्या काळी नाकाशी तीव्र वासाचा क्षार धरीत आणि गडी पुन्हा आत ढकलीत.

आणि एसेंडन क्लबाचे प्रकरण. २०१२ च्या हंगामात त्या क्लबाने खेळाडूंना ताकदीसाठी म्हणून टोचण्या दिल्या. खेळाडूंनी संमतीच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. आम्हीही असे कागद पाहिले आहेत. एका कारखान्यात रसायनाच्या खात्यातल्या मुलांकडून सह्या घेतल्या होत्या, आणि कागदावर काय आहे हे विचारणारा एकही निघाला नव्हता. विचारणाऱ्याला उद्या काम मिळेल की नाही ही भीती. एसेंडनच्या चौकशीत नेमके काय टोचले याच्या धड नोंदीही सापडल्या नाहीत. २०१३ मध्ये क्लबाला वीस लाख डॉलर दंड झाला आणि प्रशिक्षकाला बारा महिन्यांसाठी दूर केले. खेळाडू २०१५ मध्ये एकदा सुटले. पण अपील झाले आणि १२ जानेवारी २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ३४ आजी-माजी खेळाडूंना दोषी ठरवले. दोन वर्षांची बंदी. तिचा बराच भाग आधीच भोगलेला धरला तरी २०१६ चा सारा हंगाम बुडाला. कप्तान जोब वॉट्सनला २०१२ चे सर्वोत्तम खेळाडूचे पदक परत करावे लागले. आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना त्याच महिन्यात मेलबर्नच्या मॅजिस्ट्रेटापुढे घडली, आणि तिला वर्तमानपत्रांत त्या मानाने कमी जागा मिळाली. कामाची जागा सुरक्षित ठेवली नाही म्हणून कारखान्यांवर जसा खटला भरतात तसा तेथील सरकारी सुरक्षा खात्याने क्लबावर भरला, क्लबाने गुन्हा कबूल केला आणि दोन लाख डॉलर दंड झाला.

म्हणजे ड्रेसिंग रूम ही कामाची जागा आहे आणि खेळाडू हा तेथला कामगार आहे, हे कायद्याने मानले. परंतु त्याच व्हिक्टोरिया राज्याचा कामगार नुकसानभरपाईचा दुसरा कायदा आहे, त्यात पैसे घेऊन खेळणारा खेळाडू सामन्यात किंवा सरावात जखमी झाला तर त्याला वगळले आहे. छपरावरून पडलेल्या गवंड्याला जी भरपाई मिळते ती झेलासाठी उसळून पडलेल्याला नाही. त्याने करारात जे लिहून घेतले असेल आणि संघटनेने जे मिळवले असेल तेवढेच. डोक्याच्या माराने आजारी झालेल्या जुन्या खेळाडूंनी २०२३ साली लीगविरुद्ध व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात सामुदायिक दावा लावला, तो याच पोकळीतून. त्या दाव्यात सर्वांच्या वतीने पहिले नाव मॅक्स रूक याचे आहे. जिलाँगचा हा माजी खेळाडू २००७ आणि २००९ च्या अजिंक्य संघांत होता.